हुकूम न चालणाऱ्या संस्थेचे नेतृत्व

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त उज्जैन येथे भरलेल्या कार्यकर्ता-मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मेळाव्यात ‘संस्थेचे नेतृत्व आणि पुढील दिशा’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, या मंडळाचा चिटणीस म्हणून मी चौदा वर्षे काम केले आणि नेतृत्व कसे करू नये, याचा त्या काळात भरपूर अनुभव गोळा केला. तो अनुभव आपल्यापुढे ठेवावा, एवढाच माझा हेतू आहे.

नेतृत्वाचा विषय निघाला की वक्ते बहुधा इतिहासातील थोर पुरुषांकडे वळतात. आपल्या उज्जयिनीत तर राणोजी आणि महादजी शिंद्यांचे नाव घेतल्यावाचून मराठी माणसाचे भाषण सुरूच होत नाही. त्या पुरुषांना माझे शतशः प्रणाम. परंतु त्यांच्या हाताखाली फौज होती, खजिना होता, आणि हुकूम मोडणारास शासन करण्याची सोय होती. आपल्या अध्यक्षांपाशी यांपैकी काय आहे? गणेशोत्सवात सतरंज्या अंथरावयास आठ जण येतो म्हणून सांगतात आणि तिघे येतात. न आलेल्या पाचांना अध्यक्ष काय करू शकतात? दुसऱ्या दिवशी त्यांना चहा पाजून पुन्हा विनंती करतात, एवढेच! तेव्हा आपणांस उदाहरण हवे ते सेनापतीचे नव्हे. जेथे कोणालाच पगार नाही आणि कोणावरच हुकूम चालत नाही, तरीही मोठे काम वर्षानुवर्षे उभे आहे, अशा संस्थेचे हवे. असे एक उदाहरण आपल्याच विद्यार्थी-वसतिगृहाच्या वाचनालयात गेली कित्येक वर्षे उभे आहे, आणि त्याच्यावरची धूळ मीच अनेकदा झटकली आहे.

काही वर्षांपूर्वी वाचनालयासाठी चार जुने संगणक देणगीदाखल मिळाले. ते इतके मंद झाले होते की, चालू करून चहा करावयास जावे आणि चहा पिऊन परत यावे, तरी पडद्यावर काही उमटलेले नसे. वसतिगृहातील एका मुलाने दोन रात्री जागून त्यांत ‘डेबियन’ नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बसवली आणि ती चारही यंत्रे तरतरीत चालू लागली. शिवाय बसवताना ‘मराठी’ ही भाषा निवडली, तर पडद्यावरील सूचना मराठीतून येतात, हे त्याने मला दाखवले. मी हिशेब लिहिणारा माणूस, मी विचारले, “याची किंमत किती?”

“काही नाही, आजोबा.”

“मग मालक कोण?”

“मालक कोणीच नाही.”

“अरे, मग चालवतो कोण?”

तो हसला आणि म्हणाला, “ज्यांना चालवावेसे वाटते ते!”

हे उत्तर मला उडवाउडवीचे वाटले. पण पुढे निवृत्तीच्या रिकामपणात मी त्या मुलाकडून आणि स्वतः वाचून या प्रकरणाचा थोडा छडा लावला, तेव्हा ते उत्तर बरेचसे खरे असल्याचे ध्यानात आले. ते कसे खरे आहे, हेच आज सांगावयाचे आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे येथील ज्येष्ठांसाठी प्रथम सांगतो. मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक स्वतः स्वयंपाक करत नाही, सनई वाजवत नाही, मंगलाष्टकेही म्हणत नाही. पण आचाऱ्याला पाणी कोठे, वाजंत्र्यांना जागा कोणती, वऱ्हाडाला खोली कोणती, हे तोच पाहतो. आणि तो नसला तर सगळा गोंधळ होतो. संगणकातील तो व्यवस्थापक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. बाजारात ती विकत मिळते आणि तिची अंतर्गत रचना कंपनी गुप्त ठेवते. याच्या उलट, काहींची रचना सर्वांसाठी उघडी असते. ती कोणीही पाहावी, सुधारावी, वाटावी. डेबियन ही त्यांपैकी एक होय.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. डेब्रा ही त्याची मैत्रीण, पुढे पत्नी झाली. तिचे नाव आणि स्वतःचे इयन हे नाव जोडून त्याने ‘डेबियन’ शब्द बनवला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ‘लिनक्स’ हा गाभा लोकांपुढे ठेवला होता. त्या गाभ्याभोवती उपयोगाचे शेकडो प्रोग्रॅम नीट पारखून, एकमेकांशी जुळवून, लोकांच्या हाती द्यावेत, अशी मर्डॉकची कल्पना होती. आज मताधिकार असलेले सुमारे एक हजार सभासद आणि त्यांच्याखेरीज कितीतरी साहाय्यक निरनिराळ्या देशांतून हे काम करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या तेराव्या आवृत्तीत ६९,००० हून अधिक प्रोग्रॅम-संच आहेत. २००४ साली आलेली आणि पुष्कळांच्या कानांवरून गेलेली ‘उबुंटू’ ही प्रणाली याच पायावर उभी आहे. आणि २०१३ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील लॅपटॉपांवरही डेबियन बसवण्याचे ठरले. आपल्या वाचनालयातले यंत्र आणि ते अंतराळातले यंत्र, दोन्ही एकाच घरची!

आता नेतृत्वाकडे येऊ.

पहिली गोष्ट अशी की, संस्थापक १९९६ साली प्रमुखपदावरून दूर झाला. संस्था तेव्हा तीन वर्षांचीही झाली नव्हती. आपल्याकडे संस्थापक गेला की संस्थेची एकतर समाधी होते किंवा वाटणी होते. येथे तसे झाले नाही, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या मंडळींनी तीन कामे केली. १९९७ साली त्यांनी समाजाशी केलेला एक करार लिहून काढला. त्यात इतर वचनांबरोबर एक वचन असे होते की, आम्ही आमचे दोष लपवणार नाही. दोषांची नोंदवही सर्वांना सदैव उघडी राहील. त्याच साली न्यूयॉर्क राज्यात एक ना-नफा संस्था नोंदवून पैसा आणि मालमत्ता सांभाळण्याचे काम तिच्याकडे दिले. म्हणजे काम करणारे वेगळे आणि तिजोरी सांभाळणारे विश्वस्त वेगळे. आणि डिसेंबर १९९८ मध्ये त्यांनी आपली घटना मंजूर केली.

ही घटना मी वाचली आहे. आपल्या मंडळाच्या नियमावलीचा मसुदा करताना मी अध्यक्षांचे अधिकार अडीच पानांत लिहिले होते आणि साध्या सभासदाला केवळ वर्गणी वेळेवर भरण्याचा अधिकार दिला होता. या घटनेत प्रारंभीच एक कलम आहे, त्याचा आशय असा: या घटनेमुळे कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही. एखादे काम तुमच्याकडे सोपवले आणि ते तुम्हांस करावयाचे नसेल, तर करू नका. मात्र नियमांनुसार झालेल्या निर्णयाच्या विरुद्ध जाऊन तो हाणून पाडू नका.

सज्जनहो, हे कलम वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. बिनपगारी संस्थेचे सगळे मर्म या दोन वाक्यांत आहे. न करण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. दुसऱ्याला करू न देण्याची मोकळीक कोणालाच नाही. आपल्याकडे याच्या नेमके उलटे चालते. काम न करणाराला आपण नावे ठेवतो आणि काम अडवणाराला ‘अनुभवी’ म्हणून मान देतो.

प्रकल्पप्रमुखाची निवड दर वर्षी होते. मुदत एका वर्षाची. पुन्हा उभे राहता येते. पण त्याचे अधिकार पाहाल, तर आपल्या एखाद्या उपसमितीच्या निमंत्रकालाही ते तोकडे वाटतील. त्याने सभासदांचा कल पाहून निर्णय घ्यावेत आणि आपल्या वैयक्तिक मताला पदाचे वजन वाजवीपेक्षा जास्त देऊ नये, असे घटनाच सांगते. निरनिराळ्या कामांसाठी तो माणसे नेमतो. नेमलेला माणूस त्याला बदलता येतो. परंतु त्या माणसाने एकदा घेतलेला निर्णय प्रमुखाला फिरवता येत नाही. ‘अमुक निर्णय दिलास तरच तुला नेमतो’ अशी अटही घालता येत नाही. शिवाय प्रमुखाचा स्वतःचा निर्णय सभासदांना सर्वसाधारण ठरावाने रद्द करता येतो.

मग दिशा कोण ठरवतो, असे आपण विचाराल. मीही विचारले. उत्तर असे की, ज्याच्या अंगावर काम, त्याच्या हाती त्या कामाची दिशा. एकेका प्रोग्रॅमची देखभाल एकेका माणसाने किंवा लहान चमूने पत्करलेली असते आणि त्याचे निर्णय तेथेच होतात. सगळ्यांनी पाळावयाचे नियम एका जाड नियमपुस्तकात आहेत. आणि नवी आवृत्ती काढण्यासाठी नेमलेला चमू एक तारीख जाहीर करतो. त्या तारखेनंतर नवीन काही आत येत नाही. केवळ दोषदुरुस्ती होते. हा शेवटचा नियम पाळणे सोपे नव्हते. जुलै २००२ मधील आवृत्तीनंतरची आवृत्ती निघावयास जून २००५ उजाडला. आता मात्र साधारण दोन वर्षांचा क्रम बसला आहे. पंगत वाढून झाल्यावर नवी भाजी चिरावयास घेऊ नये, हे शहाणपण कोणत्याही समितीला उशिराच सुचते.

याच पद्धतीने मराठीही तेथे पोचली. फेब्रुवारी २००९ मधील आवृत्तीत, ती बसवताना दिसणाऱ्या सूचनांच्या भाषांमध्ये मराठीची भर पडली. तेव्हा अशा भाषा ६३ झाल्या. कोणा प्रमुखाने ‘मराठी आणा’ असा फतवा काढलेला नव्हता. आपल्या भाषेसाठी खपावे असे काहींना वाटले, त्यांनी एकेक वाक्य बसून मराठीत आणले, आणि ते स्वीकारण्याचा मार्ग नियमांत आधीच मोकळा होता. वर बसलेल्यांनी वाट अडवली नाही, हेच त्यांचे नेतृत्व!

या चित्रात सगळे गोडच आहे, असे मात्र समजू नये. तीन अवघड प्रसंग सांगतो, कारण त्यांतच आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे.

पहिला प्रसंग पैशाचा. २००६ साली अँथनी टाऊन्स हे प्रकल्पप्रमुख होते. आवृत्ती वेळेवर निघावी, म्हणून तिचे काम पाहणाऱ्या दोघांना काही काळ पैसे देऊन पूर्णवेळ काम करू द्यावे, अशी योजना त्यांनी काही सहकाऱ्यांसह पुढे आणली. योजना प्रकल्पाबाहेरची आहे असे म्हटले गेले, पण तिच्या अग्रभागी प्रमुख स्वतः! लगेच कुजबुज सुरू झाली: आम्ही वर्षानुवर्षे फुकट राबतो, मग या दोघांनाच पैसे का? ते ठरवणारे तुम्ही कोण? प्रमुखाला परत बोलावण्याचा ठरावही आला. तो नामंजूर झाला आणि प्रमुख पदावर राहिले. पण काही कार्यकर्त्यांनी आपला हात आखडता घेतला. डिसेंबर २००६ मध्ये निघावयाची ती आवृत्ती ८ एप्रिल २००७ रोजी निघाली. उशिराला इतरही कारणे असतील. परंतु ज्या घाईसाठी पैसा आणला, ती घाई काही साधली नाही.

यावरून ‘पैसा वाईट’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकेल. पुष्कळ सभासदांना आज त्यांच्या कंपन्या याच कामाचा पगार देतात. २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांची निगा काही जण मोबदला घेऊन राखतात, तो पैसा बाहेरच्या कंपन्यांकडून येतो, आणि काम रीतसर चालले आहे. तेव्हा दुखणे पैशाचे नव्हते. फुकट राबणाऱ्यांना न विचारता, त्यांच्याच घरात कोणाला किती द्यावयाचे हे ठरले, असे त्यांना वाटले, हे ते दुखणे होते. आपल्या वसतिगृहासाठी पगारी व्यवस्थापक नेमण्याचा विषय गेल्या सभेत निघाला आणि त्यानंतर दोन जुने कार्यकर्ते मंडळाची पायरी चढलेले नाहीत. व्यवस्थापक नेमावा, असे माझे मत आहे. पण नेमण्यापूर्वी त्या दोघांच्या घरी जाऊन, त्यांनी वीस वर्षे काय काय सांभाळले याची यादी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावी, असेही माझे मत आहे.

दुसरा प्रसंग भांडणाचा. संगणक चालू होताच सर्वांत आधी एक प्रोग्रॅम जागा होतो आणि तो बाकीच्यांना उठवतो. जुना ठेवावा की ‘सिस्टिमडी’ नावाचा नवा घ्यावा, यावर डेबियनमध्ये मोठे रण माजले. विषय तांत्रिक समितीपुढे गेला. आठ सभासदांची मते समसमान पडली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यक्षांच्या निर्णायक मताने नवा पक्ष जिंकला. आठ-नऊ महिने धुसफूस चालूच राहिली; नोव्हेंबरमध्ये सर्व सभासदांचे मतदान झाले आणि या बाबतीत आणखी ठरावाची गरज नाही, असा कौल मिळाला. काहींनी वेगळी चूल मांडली. तिचे नाव ‘डेव्हुआन’. समितीतील तीन जाणत्या सभासदांनी त्याच सुमारास राजीनामे दिले. आणि त्या वर्षअखेरीस सभासदांनी आणखी एक ठराव केला, तो मला फार मोलाचा वाटतो: तांत्रिक समितीत कोणी किती काळ बसावे, याला मर्यादा घातली. एवढ्या भांडणातून त्यांनी कोण बरोबर होते हे उगाळत न बसता, खुर्ची किती दिवसांनी सोडावी हे ठरवून घेतले.

वेगळी चूल मांडली, याचे मला प्रथम वाईट वाटले. मग विचार केला, तर ती सोयच आहे. रचना सर्वांना उघडी असल्यामुळे, न पटणारा माणूस सगळे साहित्य घेऊन शेजारी घर बांधू शकतो. त्याला कोर्टात जावे लागत नाही. ही दारे उघडी आहेत हे प्रमुखालाही ठाऊक असते, म्हणून तो माणसांना धरून ठेवण्यापेक्षा त्यांना राहावेसे वाटेल असे वागतो.

तिसरा प्रसंग रिकाम्या खुर्चीचा. २०१९ च्या मार्चमध्ये प्रमुखपदासाठी अर्ज मागवले. मुदत संपली, एकही अर्ज नाही! एवढी जगभर पसरलेली संस्था, हुशार माणसांनी गच्च भरलेली, आणि प्रमुख व्हावयास कोणी तयार नाही. त्यांनी काय केले? कोणाच्या गळ्यात बळेच माळ घातली नाही, की मावळत्या प्रमुखाला ‘अजून एकच वर्ष’ म्हणून गळ घातली नाही. घटनेत लिहिल्याप्रमाणे मुदत एका आठवड्याने वाढवली, आणि त्या आठवड्यात हे पद इतके जड का झाले, यावर उघड चर्चा झाली. मग चौघे-पाच जण पुढे आले आणि सॅम हार्टमन निवडून आले. पुढच्या वर्षी, २०२० साली, तिघे उमेदवार होते. त्यांत केरळच्या श्रुती चंद्रन होत्या. त्या २०२१ मध्येही उभ्या राहिल्या. दोन्ही वेळा जोनाथन कार्टर निवडून आले. सप्टेंबर २०२३ मध्ये या लोकांचे वार्षिक संमेलन आपल्या देशात प्रथमच, कोची येथे, भरले. आपल्याकडची माणसे तेथे पाहुणी म्हणून नव्हे, तर घरची म्हणून वावरत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय.

त्यांच्या मतदानाची रीतही सांगण्याजोगी आहे. मतदार एकालाच शिक्का मारत नाही; पहिली पसंती, दुसरी, तिसरी असा क्रम लावतो. मग प्रत्येक उमेदवाराची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडी लावून पाहतात. म्हणजे थोड्यांचा फार लाडका आणि बाकीच्यांचा नावडता असा माणूस निवडून येणे कठीण. आणि मतपत्रिकेवर शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नको’ हा पर्याय असतो. आपल्या देशात ‘नोटा’ २०१३ साली आला. पण लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत त्याला कितीही मते पडली, तरी निकाल बदलत नाही. तेथे मात्र या पर्यायाशी जो हरला, तो बाद! २०२३ मध्ये कार्टर एकटेच उमेदवार होते, तरीही मतदान झाले, कारण या पर्यायाला जिंकणे भाग होते. आपण मात्र ‘बिनविरोध निवड’ हा शब्द किती अभिमानाने अहवालात छापतो! बिनविरोध म्हणजे सर्वांना हवा असलेला की कोणीच न विचारलेला, याचा उलगडा त्या शब्दातून कधीच होत नाही.

निष्पक्षपणे सांगावयाचे तर दुसरीही एक पद्धत आहे आणि तीही चालते. लिनक्सच्या गाभ्याच्या कामात शेवटचा शब्द टोरवाल्ड्स यांचा असतो. एकत्र कुटुंबातील कर्त्या पुरुषासारखा. त्यामुळे निर्णय झटपट होतात. पण कर्त्याच्या जिभेचा चटकाही सर्वांना सोसावा लागतो. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या कठोर बोलण्याबद्दल माफी मागून काही आठवडे रजा घेतली, आणि ते काम एका सहकाऱ्याने चोख पार पाडले. कर्ता मोठ्या मनाचा असला, तर हे घडते. पण असा कर्ता प्रत्येक पिढीत जन्माला येईल, याची हमी कोण देणार? डेबियनच्या मंडळींनी कर्त्याची वाट न पाहता रीत तयार केली. ती रीत मंद आहे, तीत चर्चा फार होते, माणसे थकतात, रागावून जातात. तरी संस्थापक पद सोडून गेल्याला तीस वर्षे होत आली, मर्डॉक यांचे २०१५ च्या डिसेंबरात निधनही झाले, आणि घर उभेच आहे.

आता माझा कबुलीजबाब. चिटणीस असताना वाचनालयाच्या कपाटाची किल्ली मी चौदा वर्षे माझ्या जानव्याला बांधून ठेवली. देणगीदारांचे पत्ते माझ्या वहीत, आचाऱ्याशी बोलणे माझे, सभागृहाचे भाडे ठरवणार मी. सगळे मला ‘मंडळाचा प्राण’ म्हणत आणि मला ते गोड वाटे. एका भाद्रपदात मी आजारी पडून इंदुरास रुग्णालयात गेलो. उत्सव चार दिवसांवर आला होता. आचाऱ्याचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. पावतीपुस्तके कपाटात आणि किल्ली माझ्या उशाशी. त्या वर्षी महाप्रसाद झाला नाही. मला भेटावयास आलेली मंडळी ‘तुमच्याविना काही चालत नाही बघा’ असे कौतुकाने म्हणाली, आणि मला प्रथमच त्या वाक्याची लाज वाटली. माझ्याविना चालत नव्हते, कारण मी चालू दिलेले नव्हते. तक्रारवहीसुद्धा मी त्याच कपाटात ठेवली होती. वहीत तक्रार एकही नव्हती, हे सांगावयास नकोच.

अध्यक्षमहाराजांचे वय आज ब्याऐंशी आहे. गेली दोन वर्षे ते मोकळे करण्याची विनंती करीत आहेत, आणि आपण ‘तुमच्यासारखे दुसरे कोण?’ असे म्हणून ती नाकारीत आहोत. हा आदर नव्हे. ही आपली सोय आहे! येत्या सभेसाठी अध्यक्षपदाला अजून एकही अर्ज नाही. घाबरू नये, यापूर्वी मोठ्या घरांवरही ही वेळ आली आहे. त्यासाठी मी तीन सूचना करतो.

एक, प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपण काय काय करतो, ते एका कागदावर लिहावे. अध्यक्षांचे काम अकरा कलमांचे निघाले, तर त्यांतली आठ इतरांना वाटून द्यावीत. उरलेल्या तीन कलमांचे अध्यक्षपद घ्यावयास आपल्या सुना-मुलींपैकी कोणी तरुण उभी राहील, याची मला खात्री आहे.

दोन, ज्याला काम दिले त्याचा निर्णय मान्य करावा. मांडवाचा रंग ज्याने निवडला, तो आपणांस आवडला नाही तरी त्या वर्षी तोच राहू द्यावा. फार तर पुढच्या वर्षी माणूस बदलावा.

तीन, तक्रारवही आणि जमाखर्च कपाटात न ठेवता वाचनालयाच्या मेजावर ठेवावा, आणि कोणत्याही पदावर एका माणसाने किती वर्षे राहावे, हे नियमावलीत लिहावे. ती मर्यादा मीच सुचवली, असे खुशाल नोंदवा. माझी चौदा वर्षे भरून गेलेली आहेत.

आपल्या गावची पंचक्रोशी आपण सर्वांनी पाहिली आहे; कित्येकांनी पायी केली आहे. वैशाखाच्या रखरखीत उन्हात ११८ किलोमीटर चालावयाचे. निघताना यात्रेकरू पटनी बाजारात नागचंद्रेश्वराच्या दारी जातात आणि त्याच्याकडून बळ मागून घेतात. वाटेत कोणी कोणाला हुकूम करत नाही. गावोगावचे लोक पाणी आणि जेवण घेऊन उभे असतात. परत आले की पुन्हा त्याच दारी जातात आणि मातीचे घोडे वाहून घेतलेले बळ परत करतात. पुढच्या यात्रेकरूला ते लागणार असते ना!

संस्थेतले पदही असेच मागून आणलेले बळ होय. ते आपले नसते. चालण्यापुरते मिळालेले असते. मंडळाला पन्नास वर्षे झाली. या प्रसंगी ज्यांनी ज्यांनी ते बळ मागून घेतले आणि वेळेवर परत केले, त्या सर्वांना मी वंदन करतो. मी ते उशिरा परत केले, त्याबद्दल आपली क्षमा मागतो. आणि जी मंडळी ते घ्यावयास अजून पुढे आलेली नाहीत, त्यांना सांगतो की, दार उघडे आहे, वाट चालण्याजोगी आहे, आणि वाचनालयाच्या कपाटाची किल्ली आजपासून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे.